सिंहगड रोडचं पत्र: ब्लॅकबर्न रोव्हर्सची घसरण आणि एक पाठीराखा

ऑक्टोबर २०११. मँचेस्टरच्या ऑफिसात मी दिवाळीची सुट्टी टाकून निघायच्या गडबडीत होतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी एक पाकीट घेऊन आला. पन्नाशीचा, ब्लॅकबर्नचा माणूस; पाऊस, ट्रॅफिक आणि चहा यापलीकडे फारसं न बोलणारा. "तू पुण्याचा ना? मग जाताना हे एवढं देऊन ये." पाकिटावर निळ्या शाईत, शाळेतल्यासारख्या सुवाच्य अक्षरात पत्ता होता: वेंकटेश्वरा हाऊस, सिंहगड रोड, पुणे. म्हणजे चिकनवाल्या वेंकीजचा, त्याच्या गावच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबाच्या मालकांचा.

मला हसू आलं. आमच्या घरापासून हे ठिकाण स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटं. दांडेकर पुलावर ट्रॅफिक तुंबलं तर अर्धा तास.

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. "वाच, वाच," तो म्हणाला. वहीच्या रेघी कागदावर तीन प्रश्न होते. खेळाडू कोणते घ्यायचे हे नक्की कोण ठरवतं? आमच्या मैदानावर पुढच्या वेळी कधी येणार? आणि तिसरा: तुमच्याकडे रात्र असते तेव्हा तुमच्यापैकी कोणी जागून आमचा सामना बघतं का? शिवी नाही, धमकी नाही. खाली नाव, आणि नावाखाली स्टँड, रांग आणि खुर्चीचा नंबर.

हे प्रकरण मी त्या कागदावरून लिहितो आहे. ब्लॅकबर्न का बुडालं यावर इंग्लंडमध्ये भरपूर लिहून झालंय. क्लब हळूहळू तळाला जात असताना जो माणूस दर पंधरा दिवसांनी तिकीट काढून ते बघत बसतो, त्याच्या रागाचं काय होतं, तो कुठे जातो, कोणावर पडतो, हे मला समजून घ्यायचं होतं. आणि या एका बाबतीत पुणेकराला बाजूला उभं राहता येत नाही.

आधी थोडं क्लबविषयी

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं जुनं कापड गिरण्यांचं गाव. गिरण्या गेल्या, धुराडी गेली, फुटबॉल राहिला. रोव्हर्सची स्थापना १८७५ची. १८८८मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांतला हा एक, आणि १९९२मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही हजर. दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून असलेले क्लब तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हे. एफए कप सहा वेळा जिंकलाय, पण सहावा १९२८चा, म्हणजे पणजोबांच्या गोष्टीतला.

गावातल्या लोकांना आठवतो तो काळ जॅक वॉकरचा. हा गावचाच पोलाद व्यापारी. धंदा विकून गडगंज झाला आणि १९९१मध्ये त्याने लहानपणापासूनचा आपला क्लब हातात घेतला. केनी डाल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, ॲलन शिअररला आणलं, क्लबाच्या मैदानाचे, इवूड पार्कचे, तीन स्टँड पाडून नवे बांधले. १४ मे १९९५ला रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये शेवटचा सामना हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि लाखभर वस्तीचं हे गाव इंग्लंडचं विजेतं झालं. शिअररचे त्या हंगामात लीगमध्ये ३४ गोल. आमच्या पिढीच्या पुण्यातल्या काही पोरांनी निळा-पांढरा अर्धा-अर्धा शर्ट केबल टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा.

चार वर्षांत, १९९९मध्ये, हाच क्लब खालच्या श्रेणीत गेला. ऑगस्ट २०००मध्ये वॉकर वारले. त्याच हंगामात संघ वर आला, २००२मध्ये लीग कप जिंकला, आणि मग प्रीमियर लीगच्या मधल्या पट्ट्यात गुपचूप जगत राहिला. फार वर नाही, फार खाली नाही. २००९-१०मध्ये सॅम ॲलरडाइसच्या हाताखाली दहावा. खेळ देखणा नव्हता. लांब चेंडू मारा, उंच माणसाच्या डोक्यावर टाका, असला. पण गावाला तो परवडत होता.

क्रिकेटवाल्यांसाठी एवढं सांगायला हवं की प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असतात, प्रत्येकाचे ३८ सामने होतात आणि शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात. त्यावर अपील नाही. वरच्या श्रेणीत तळाच्या संघालाही त्या काळी टीव्हीचे वगैरे मिळून वर्षाला जवळपास चार कोटी पौंड मिळत. खाली गेल्यावर पहिल्या वर्षी उतारा म्हणून एक कोटी साठ लाख. खर्च मात्र वरचेच राहतात, कारण खेळाडूंचे करार आधीच झालेले असतात. म्हणून घसरणीची भीती ही अब्रूइतकीच पोटाचीही असते. खेळाडू दुसरीकडे जातात. ऑफिसातली, कँटीनमधली, मैदानावरची माणसं मात्र घरी बसतात.

सतरा महिने

१९ नोव्हेंबर २०१०ला वॉकरच्या कौटुंबिक ट्रस्टने क्लब पुण्याच्या वेंकीजला विकला. किंमत दोन कोटी तीस लाख पौंड, आणि डोक्यावरचं कर्ज वेगळं. प्रीमियर लीगच्या क्लबाची मालकी भारतीय कंपनीकडे जाण्याची ही पहिलीच वेळ. आपल्याकडे पेपरांनी कौतुकाने छापलं. मीही मित्रांना कौतुकाने सांगितलं, हे कबूल करतो.

महिना भरायच्या आत, १३ डिसेंबरला, ॲलरडाइसना काढलं. आदल्या दिवशी संघ बोल्टनकडे हरला होता, पण गुणतक्त्यात तेरावा होता. त्या जागी आला संघाचा प्रशिक्षक स्टीव्ह कीन, ज्याने याआधी कुठल्याही क्लबाचं मॅनेजरपद सांभाळलेलं नव्हतं. जानेवारीत रोनाल्डिन्होला आणायच्या बातम्या आल्या. तो ब्राझीलला फ्लामेंगोकडे गेला. फेब्रुवारीत अध्यक्ष जॉन विल्यम्स गेले, ज्यांनी बारा-तेरा वर्षं तुटपुंज्या पैशात क्लब चालवला होता. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हे. मॅनेजर बदलतात, कुठला एजंट थापा मारतो आणि कुठला करार कधी संपतो हे डोक्यात असलेला माणूस गेला की घराची किल्ली हरवल्यासारखं होतं.

त्या हंगामात शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवून रोव्हर्स पंधरावे आले. थोडक्यात वाचले. उन्हाळ्यात क्लबातच वाढलेला एकोणीस वर्षांचा बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला, सुमारे एक कोटी पासष्ट लाख पौंडांना. अख्खा क्लब किती पौंडांना विकला गेला होता ते वर आलंच आहे.

मग २०११-१२. पहिल्या सात सामन्यांत चार गुण. त्यात एव्हर्टनविरुद्ध घरच्या मैदानावर दोन पेनल्टी वाया घालवून, शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी देऊन हरलेला सामना, आणि आर्सेनलला ४-३ हरवलेलाही. ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबली तेव्हा हा तळाजवळचा संघ विमानाने पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून ३-० जिंकला. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये बसून खेळाडू चिकन खातायत अशी एक जाहिरातही त्याच सुमारास झळकली.

इकडे ती जाहिरात गंमत वाटली. तिकडे काय वाटलं हे मी शेजारच्या टेबलावर पाहिलं. त्याने ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दोनदा पाहिली, आवाज बंद करून. मग म्हणाला, "सेंटर-बॅक सुद्धा हसतोय बघ." पाकीट आलं ते त्यानंतरच्या आठवड्यात.

राग कुठे जातो

मी ते पत्र दिलं नाही. दिवाळीत फराळ, नातेवाईक, एक लग्न. सिंहगड रोडवरून दोनदा गेलोही. पण गेटवर जाऊन सांगायचं काय? वॉचमन विचारणार, कोणाकडून आलात. म्हणणार, ब्लॅकबर्नच्या रिव्हरसाइड स्टँडमधल्या एका खुर्चीकडून? लाज वाटली, खरं तर. परत गेल्यावर त्याने विचारलं, "दिलंस?" मी म्हटलं, "दिलं." त्याने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

आता या माणसाची बाजू बघा. त्याच्या वडिलांनी त्याला सात वर्षांचा असताना रिव्हरसाइडला नेलं. वॉकरने न पाडलेला हा एकच स्टँड. अजूनही मध्ये खांब येतात, मान वाकडी करून कॉर्नर बघावा लागतो. हंगामाचं तिकीट तो उन्हाळ्यातच घेतो, म्हणजे माल बघायच्या आधी पैसे. संघ पडत चाललाय हे त्याला समालोचकांच्या आधी कळतं. उजवा बॅक कापला गेल्यावर मागे धावत येतो की चालत येतो, हे टीव्ही दाखवत नाही, पण खुर्चीतून दिसतं. माहिती सगळी आहे, अधिकार शून्य.

आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत गोंधळ होतो, खुर्च्या फेकल्या जातात, माईक बंद पाडतात. तरी दोन एकर उसाचा सभासद उठून चेअरमनला "भाव का नाही दिला?" असं विचारू शकतो, आणि चेअरमनला समोर बसावं लागतं. जर्मनीत बहुतेक फुटबॉल क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात असावीत असा नियमच आहे. इंग्लंडमधला पाठीराखा सभासद नसतो. तो गिऱ्हाईक असतो. तेही असं गिऱ्हाईक, की दुकान आवडलं नाही म्हणून समोरच्या दुकानात जाता येत नाही. समोरचं दुकान बर्नलीचं, आणि बर्नलीला पाठिंबा देण्यापेक्षा ब्लॅकबर्नचा माणूस फुटबॉल सोडून देईल.

इथे एक गोष्ट त्याला मी तोंडावर बोललो नाही, पण लिहितो. वॉकरच्या काळातही त्याला मत नव्हतंच. एकट्या माणसाच्या मर्जीवर क्लब चालत होता; मर्जी चांगली होती, खिसा मोठा होता, आणि माणूस गावचा होता म्हणून कोणी विचारलं नाही. २०१०मध्ये हक्क गेले असं पाठीराख्यांना वाटलं. हक्क कधी नव्हतेच. नशीब होतं, ते गेलं. वॉकरचा पुतळा आजही मैदानाबाहेर उभा आहे, आणि त्या हंगामात लोक त्याच्याकडे बघून जे बोलत ते देवळात बोलल्यासारखं होतं.

मालक पुण्यात. क्लबाचे जुने पदाधिकारी गेलेले. मग शनिवारी तीन वाजता रागाला समोर सापडतो कोण? टचलाइनवर उभा असलेला एकटा माणूस. "कीन आउट"चे फलक आले, मोर्चे निघाले, मैदानावरून त्याच मजकुराचं बॅनर ओढत विमान उडवलं गेलं. कीन सामन्यांनंतर हसतमुखाने सांगत राहिला की संघ चांगला खेळला, दिशा बरोबर आहे. तो वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. नवशिक्या ड्रायव्हरला कोणी एसटी चालवायला दिली तर प्रवासी ओरडणार त्याच्यावरच. आगारप्रमुख कुठे बसतो हे त्यांना माहीत नसतं. पण घाटात गाडी मागे सरकत असताना "प्रवास मजेत चाललाय" असं त्याने म्हणू नये. त्या आशावादाने लोक जास्त पिसाळले.

२० डिसेंबर २०११, मंगळवार रात्र, इवूडला बोल्टनविरुद्ध सामना. शेजारचा क्लब, आणि तोही तळाला. सहकारी मला घेऊन गेला. थंडीने बोटं बधिर झालेली. पाचव्या मिनिटाला बोल्टनचा गोल. अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. मी आजवर मैदानात ऐकला नाही असा आवाज तेव्हा ऐकला. आरडाओरडा नाही, एक खालून वर येत जाणारी घरघर. मग घोषणा. आमच्या याकुबूने उत्तरार्धात एक गोल परतवला तेव्हा वीस सेकंद सगळे वेडे झाले, मिठ्या मारल्या, आणि विसाव्या सेकंदाला तीच घोषणा पुन्हा सुरू. एकाच घशातून. माझ्या सहकाऱ्याच्या पलीकडे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बसले होते, मांडीवर थर्मास. ते घोषणा देत नव्हते. प्रत्येक चुकलेल्या पासला फक्त "ओह, लॅड" म्हणत, नातवाने ग्लास फोडल्यासारखं. १-२. रोव्हर्स तळाला.

बाहेर पडताना तो म्हणाला, "मी आज माझ्याच संघाला हूट केलं. बाबा असते तर कानाखाली मारली असती."

दुसऱ्या दिवसापासून देशभर चर्चा सुरू झाली ती पाठीराख्यांच्या वागणुकीची. इतर क्लबांचे मॅनेजर, टीव्हीवरचे माजी खेळाडू, सगळ्यांनी झापलं: अशाने संघाचं खच्चीकरण होतं, एका माणसाची किती विटंबना करायची. हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अन्यायाचं वळण वाटतं, जरी म्हणण्यात तथ्य होतं तरी. घशावर ताण देऊन ओरडणं असभ्य आहे, ठीक. पण सभ्यपणे विचारायची खिडकी कोणती, हे एकानेही सांगितलं नाही.

शिवाय पाठीराख्यांतही फूट होतीच. काहींचं म्हणणं, नव्वद मिनिटं संघाला पाठिंबा द्या, काय ते नंतर बोला. काही घरी बसले. घरी बसणं हे गिऱ्हाइकाचं हत्यार, पण ते उलटतं: तिकिटाचा पैसा कमी होतो, स्टँड ओस दिसतो, खेळाडू आणखी बिथरतात आणि ज्याला वाचवायचं त्यालाच जखम होते. आणि मग ३१ डिसेंबरला हाच तळाचा संघ ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवून आला. याकुबूचे दोन, शेवटी हॅन्लीचा एक. सुट्टीनंतर ऑफिसात सहकाऱ्याने सगळ्यांना केक वाटला. पाठीराख्याला छळायचं असेल तर त्याला सलग हरवू नये. अधूनमधून असा एक दिवस द्यावा.

इवूडपासून बोल्टन रोडने दक्षिणेला गेलं की काही मैलांवर डार्वेन लागतं. सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी तिथे गेले होते. विदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांच्या गिरण्या बंद पडत होत्या, त्या कामगारांना भेटायला. बहिष्कार मागे घेतला नाही, पण जाऊन ऐकून घेतलं. त्या भागात आजही लोक याबद्दल आपुलकीने बोलतात. ही गोष्ट मला सहकाऱ्यानेच गाडीत सांगितली, त्या बोल्टनच्या रात्री, परत येताना. टोमणा होता की नाही ते कळलं नाही. माझ्या खणात पाकीट होतं.

७ मे

जानेवारीत बचावपटू रायन नेल्सनला मोकळं केलं, तो टॉटनहॅमला गेला. फेब्रुवारीत दुसरा बचावपटू ख्रिस सांबा रशियाला. मागच्या वर्षी जोन्स गेलेला. म्हणजे वर्षभरात बचावाची भिंतच विटा-विटांनी विकली. आर्सेनलने ७-१ हाणलं. मार्चमध्ये वुल्व्ह्ज आणि संडरलँडला हरवून जरा धुगधुगी आली, आणि लगेच ओळीने पाच पराभव. एप्रिलअखेर टॉटनहॅमविरुद्ध तर पूर्ण सामन्यात गोलच्या दिशेने एकही फटका गेला नाही.

तोवर माझं प्रोजेक्ट संपून मी पुण्यात आलो होतो. ७ मे २०१२चा विगनविरुद्धचा सामना इथे मध्यरात्रीनंतर, साडेबाराला सुरू झाला. हरले तर खाली. बायको-पोरं झोपलेली, टीव्हीचा आवाज एक रेघ. तिकडे धो-धो पाऊस. सुरुवातीलाच मैदानात एक कोंबडी आली, अंगावर निळं-पांढरं कापड गुंडाळलेली, आणि ओल्या गवतावर गोंधळून पळत सुटली. समालोचक हसले. मीही हसलो असतो, पण तिसऱ्या प्रश्नाची आठवण झाली: तुमच्यापैकी कोणी रात्री जागून बघतं का? पुण्यात त्या रात्री कोण कोण जागं होतं मला ठाऊक नाही. मी होतो.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर, विगनच्या अल्काराझचं डोकं, गोल. ०-१. अकरा वर्षांनी रोव्हर्स खाली गेले. हंगामअखेर एकोणिसावे, ३८ सामन्यांत ३१ गुण, अंगावर ७८ गोल. एकट्या याकुबूचे लीगमध्ये सतरा गोल असताना.

त्याच आठवड्यात एक पत्र फुटलं. क्लबाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी डिसेंबर २०११मध्ये मालकांना लिहिलं होतं: कीनना बदला, प्रेक्षक त्यांच्या विरोधात गेलेत, खेळाडूही. म्हणजे स्टँडमधून जे ओरडून सांगितलं जात होतं तेच, ऑफिसच्या भाषेत. त्यानंतरचे पाच महिने कीन जागेवरच होते. पत्र फुटल्यावर हंट यांची नोकरी गेली.

हे वाचलं आणि मी सहकाऱ्याला कळवून टाकलं: तुझं पाकीट मी कधी दिलंच नव्हतं. ओझं उतरलं असं वाटलं, कारण आता निमित्त होतं. बघ, आतल्या माणसाचं पत्र पोचूनही काही झालं नाही, तर तुझं पोचून काय होणार होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्याला माहीत होतं. खरंच देऊन आलो असतो तर गेट कसं आहे, कागद कोणी घेतला, काय म्हणाला, हे न विचारता सांगितलं असतं, असं त्याचं म्हणणं. "आणि तू निमित्त देतोयस ते चुकीचं आहे. उत्तर हवंच होतं असं नाही. कोणीतरी हातात घ्यायला हवं होतं."

नंतरचं, थोडक्यात

कीन सप्टेंबर २०१२मध्ये गेले. त्यानंतर हेनिंग बर्ग, १९९५च्या विजेत्या संघातला खेळाडू, मॅनेजर म्हणून ५७ दिवस टिकला. कोर्टाने त्याला साडेबावीस लाख पौंड द्यायला लावले. त्याच्यामागून मायकेल ॲपलटन, ६७ दिवस. प्रेक्षक सरासरी बावीस हजारांवरून पंधरा हजारांवर आले. मालक क्लब सोडून पळाले नाहीत, वर्षानुवर्षं तोटा भरत राहिले, हेही नोंदवायला हवं. इंग्लंडमध्ये क्लब दिवाळखोरीत टाकून गायब झालेले मालक कमी नाहीत. पण पैसा येत राहिला आणि माणूस आला नाही, तर गाव पैशाचे आभार मानत नाही.

२०१६मध्ये ओवन कॉयल मॅनेजर म्हणून आले: पूर्वी बर्नलीचे, आणि त्या बोल्टनच्या रात्री समोरच्या डगआउटमध्ये उभे असलेले. त्या हंगामात पाठीराख्यांनी एक शक्कल काढली. स्थापनेचं साल १८७५, म्हणून अठराव्या मिनिटाला आत यायचं आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचं. तिकीट काढलेलं, खुर्च्या रिकाम्या. मला हा निषेध कोंबडीपेक्षा शंभरपट आवडला. कॉयल फेब्रुवारीत गेले, टोनी मोब्रे आले, आणि शेवटच्या दिवशी संघ ब्रेंटफर्डला ३-१ जिंकूनही खाली गेला: नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१च गुण, पण गोलफरकात दोनने पुढे. तारीख, ७ मे २०१७. बरोबर पाच वर्षं. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिली वेळ.

आणि बालेवाडीत त्यांच्याशी खेळलेला पुणे एफसी? तो २०१५ नंतर उरला नाही. त्यामागून आलेला एफसी पुणे सिटी २०१९मध्ये बंद झाला, जागा हैदराबादला गेली. आपल्याकडे क्लब खाली घसरत नाहीत, नाहीसेच होतात. पुण्यात कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. मीही काढला नाही.

माझ्या सहकाऱ्याने २०१२च्या उन्हाळ्यात हंगामाचं तिकीट घेतलं नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पाच वर्षं तो शनिवारी बागकाम करत होता, असं त्याची बायको सांगे. बाग काही सुधारली नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये, क्लब तिसऱ्या श्रेणीत असताना, त्याने तिकीट पुन्हा घेतलं. मी विचारलं, आता काय म्हणून? मालक तेच, श्रेणी आणखी खालची.

थर्मासवाल्या गृहस्थांची बायको त्या वर्षी वारली होती. शेजारची खुर्ची रिकामी असते म्हणून त्यांनी फोन केला होता.

त्या हंगामात रोव्हर्स ९६ गुण मिळवून दुसरे आले आणि वर चढले. पहिलं आलं विगन. एप्रिलमध्ये डॉनकास्टरला मलग्रूच्या गोलने बढती पक्की झाली त्या रात्री मला एक फोटो आला. खांब, त्यामागे अर्धवट दिसणारा कॉर्नर फ्लॅग आणि कडेला थर्मासचं झाकण. डॉनकास्टरचा नव्हता, इवूडचा, आदल्या कुठल्या तरी सामन्याचा. खाली खुर्चीचा नंबर लिहिला होता, पाकिटात होता तोच.